गाडी विजेची की हायब्रिड? आधी आपलं राज्य पाहा

मंडळी, हल्ली आपल्या कार्यक्रमांत जेवणाच्या रांगेत हमखास निघणारा विषय म्हणजे नवी गाडी. सॅन होजेचा मावसभाऊ फोनवर इलेक्ट्रिक गाडीचं तोंडभरून कौतुक करतो आणि मिनियापोलिसचे आपण ते ऐकून शोरूम गाठतो. त्याचं म्हणणं खोटं नसतं. ते त्याच्या गावापुरतं खरं असतं, एवढंच.

सर्वांत मोठा फरक पाडते थंडी. लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते. शिवाय गॅसच्या गाडीत हीटर इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालतो. इलेक्ट्रिक गाडीत ती ऊबही बॅटरीनेच पुरवायची. ‘ट्रिपल ए’ने २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्यांची चाचणी घेतली. २० अंश फॅरनहाइटला हीटर लावल्यावर एका चार्जमधलं अंतर सरासरी ४१ टक्क्यांनी घटलं; हीटर बंद ठेवल्यावर १२ टक्क्यांनी. म्हणजे कागदावर २५० मैल जाणारी गाडी अशा दिवशी दीडशेच्या आसपास. (हीटर बंद ठेवून मुलांना शाळेत सोडायचं धाडस कोण करणार?)

जानेवारी २०२४ च्या थंडीच्या लाटेत शिकागो भागात चार्जिंग स्टेशनांवर गाड्यांच्या रांगा लागल्या, काही तिथेच बंद पडल्या. गारठलेली बॅटरी फास्ट चार्ज फार सावकाश घेते. पण नॉर्वेतही बर्फ कमी नाही, आणि तिथे २०२४ मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी सुमारे ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या! घरी रात्रभर प्लगला लावलेली गाडी निघण्यापूर्वी भिंतीतल्या विजेवरच गरम करून घेता येते. तेव्हा थंड राज्यात खरा प्रश्न असा, की आपली गाडी रात्री कुठे उभी असते? स्वतःचं गराज आणि २४० व्होल्टची लाइन असेल तर निभतं. एडिसनच्या अपार्टमेंटच्या पार्किंग लॉटमध्ये उभी राहत असेल, तर माझ्या मते हायब्रिडच बरी.

उन्हाळ्याचा त्रास निराळा. त्याच चाचणीत ९५ अंशांना एसी लावून अंतर १७ टक्के कमी झालं, ते चालून जातं. पण सततची उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते. सुरुवातीच्या निसान लीफमध्ये बॅटरी द्रवाने थंड ठेवण्याची सोय नव्हती. २०१२ मध्ये फिनिक्स भागातल्या मालकांना तिची क्षमता भराभर घटताना दिसली. जुनी लीफ घेणार असाल तर ती कोणत्या राज्यात वाढली ते जरूर विचारा.

आता हिशोब. हजार मैलांना साधारण ३०० युनिट वीज लागते असं धरू. सिअॅटलसारख्या जलविद्युतवाल्या भागात १२ सेंट दराने ३६ डॉलर. कॅलिफोर्नियात ३० सेंट दराने ९० डॉलर. ५० मैल मायलेजच्या हायब्रिडला २० गॅलन लागतात, साडेचार डॉलरने तेही ९० डॉलरच! तेव्हा कॅलिफोर्नियात रात्रीचा स्वस्त दर किंवा छतावर सोलर असेल तरच मावसभावाची मजा. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर ५० सेंट पडले तर १५० डॉलर होतात.

हायब्रिडला मात्र शहरातली गर्दी मानवते, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती ती परत बॅटरीत भरते. टेक्सासच्या सरळ हायवेवर ७५ च्या वेगाने हा फायदा बराच आटतो. आणि प्रियससारख्या गाडीत मागच्या सीटजवळची हवेची जाळी इंडियाच्या बॅगांनी झाकू नका. बॅटरी तिथूनच थंड होते.

सरकारी सवलतींच्या जुन्या ईमेलवर विसंबू नका. केंद्राची ७,५०० डॉलरची करसवलत आणि कॅलिफोर्नियाचे कारपूल लेनचे स्टिकर, दोन्ही ३० सप्टेंबर २०२५ ला संपले. उलट टेक्सास इलेक्ट्रिक गाडीला वर्षाला २०० डॉलर जादा नोंदणी फी लावतं. न्यू जर्सीत जुलै २०२४ पासून अशी फी २५० डॉलरपासून सुरू झाली, ती दरवर्षी १० डॉलरने वाढते, आणि नव्या गाडीला चार वर्षांची एकदम भरावी लागते.