चाक नेमके बसते कुठे?

हरिहरेश्वराहून दक्षिणेकडे निघालात, की बागमांडल्याला सावित्रीची खाडी आडवी येते. मोटारी फेरीबोटीत चढवून पलीकडे वेसवीला न्याव्या लागतात. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्या धक्क्यावर बोटीची वाट पाहत होतो. तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी आपली गाडी घेऊन आला. गाडी साधीच, पण नव्या रुंद चाकांमुळे स्पोर्ट्स कारचा तोरा मिरवणारी!

"सर, चाकांचा आकार हिशेबाने घेतला. तरी वळणावर टायर मडगार्डला घासतो. आणि पुढचं एक चाक कडेच्या वाळूत गेलं, की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. असं का?"

मित्रहो, हे कोडे आपणही सोडवू.

त्याच्या जुन्या टायरवर १८५/६५ आर १५ असे आकडे होते. याचा अर्थ, टायरची रुंदी १८५ मि.मी., बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मि.मी., आणि रिमचा व्यास १५ इंच, म्हणजे ३८१ मि.मी. तेव्हा चाकाचा एकूण व्यास ३८१ + १२० + १२० = ६२१ मि.मी. नवा टायर २०५/४५ आर १७. त्याचा व्यास तुम्हीच काढा. तो सुमारे ६१६ मि.मी. येतो. फरक एक टक्क्याहूनही कमी! हे महत्त्वाचे आहे, कारण वेगदर्शक चाकाचे फेरे मोजतो. १७ इंची रिमवर जुन्याच उंचीचा टायर चढवला असता, तर व्यास ६७२ मि.मी. झाला असता आणि काटा ६० दाखवीत असताना गाडी ताशी ६५ कि.मी. वेगाने धावली असती.

म्हणजे आकार बरोबर होता. मग चुकले काय? ऑफसेट!

रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य घ्या. चाक ज्या पृष्ठभागाने हबला टेकते, तो या मध्यापासून जितका दूर, तितका ऑफसेट. तो पृष्ठभाग मध्याच्या बाहेरच्या अंगाला असेल, तर ऑफसेट धन मानतात. जुने रिम ६ इंच रुंद, ऑफसेट ४५ मि.मी.; नवे साडेसात इंच, ऑफसेट ३०. रुंदी दीड इंचाने वाढली. तिचा निम्मा भाग, १९ मि.मी., बाहेर गेला. ऑफसेट १५ ने घटल्यामुळे सगळे चाकच आणखी १५ मि.मी. बाहेर सरकले. एकूण ३४ मि.मी.! मडगार्डला घासणार नाही तर काय?

आता ओढीचे कारण पाहू. दार बिजागरीजवळ ढकलले तर जड जाते. कडेला ढकलले तर सहज फिरते. पुढचे चाकही एका अक्षाभोवती वळते. चाक बाहेर सरकले, की जमिनीचा स्पर्श या अक्षापासून दूर जातो. वाळूचा तोच विरोध आता लांब तरफेवर काम करतो आणि चाक वळवू पाहतो. शिवाय, एका चाकावर ३००० न्यूटन भार धरला, तर १५ मि.मी. सरकण्याने बेअरिंगवर ४५ न्यूटन-मीटरचा जादा पीळ पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण बेअरिंगची झीज वाढवतो.

मी त्याला म्हटले, "साडेसहा इंची, ४५ ऑफसेटचे रिम घेतले असतेस, तर कड जेमतेम ६ मि.मी. सरकली असती आणि चाकाचा मध्य जागच्या जागी राहिला असता. पण आधी उत्पादकाने कोणती मापे मान्य केली आहेत ते पाहा." मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. घाटातल्या वळणावर समोरून एस.टी. आली, की कडेच्या वाळूत उतरावेच लागते. तेव्हा स्टिअरिंग आपल्या हातात राहिले पाहिजे. फेरीबोट लागेपर्यंत त्याने जुनी चाके परत बसवायचे ठरवले होते.

तुमच्यासाठी एक उदाहरण: ६ इंची, ४५ ऑफसेटच्या जागी ७ इंची, ३५ ऑफसेटचे रिम बसवले, तर बाहेरची कड किती सरकेल? (उत्तर: सुमारे २३ मि.मी.)