केदारकंठ्याच्या वाटेवर कुत्र्यामागून

पौष-माघाच्या दिवसांत, सह्याद्रीच्या उतारांवरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि पुण्या-मुंबईचा गिरिभ्रमणप्रेमी पहाटेच्या दहिवरालाच थंडी मानून समाधान पावत असतो, त्याच सुमारास उत्तराखंडाच्या उत्तरकाशी जिल्ह्यातील सांक्री नावाच्या लहानशा गावी मराठी बोलणे इतके सर्रास कानी पडते की नवख्याला अचंबा वाटावा. देहरादूनहून मसुरी, पुरोला, मोरी ही गावे मागे टाकीत, पुढे टोन्स नदीच्या काठाकाठाने सुमारे दोनशे किलोमीटरांची वाट मोटारीने दिवसभरात कापावयाची, नैटवाड येथे रुपिन आणि सुपिन यांचा संगम पाहावयाचा, आणि मग लाकडी घरांच्या या गावी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी केदारकंठ्याची चढण धरावयाची, असा आता बहुतेकांचा परिपाठ झाला आहे. शिखराची उंची सुमारे १२,५०० फूट. म्हणजे हिमालयाच्या हिशेबाने ठेंगणेच. परंतु डिसेंबरापासून मार्च-एप्रिलपर्यंत त्यावर बर्फ असते, आणि विशेष कसब नसलेल्या माणसालाही तेथे बर्फावरून चालण्याचा अनुभव घेता येतो, हेच त्याच्या लोकप्रियतेचे मुख्य कारण होय.

गावाची हद्द ओलांडून वाट रानात शिरली की बहुधा एखादे कुत्रे आपण होऊन सोबतीला येते. त्याला कोणी हाक मारलेली नसते, त्याच्या गळ्यात दोरी नसते, आणि वाटाड्याला विचारावे तर तो खांदे उडवून मोकळा होतो. हे कुत्रे पुष्कळदा भोटिया जातीचे, निदान त्या रक्ताचे असते: रुंद डोके, बहुधा काळा रंग, मानेभोवती आयाळीसारखे दाट केस, शेपटी पाठीवर वळलेली. मेंढपाळांबरोबर उन्हाळ्यात उंचावरच्या कुरणांत जावे, रात्रभर कळपाभोवती फिरावे आणि बिबट्या अथवा अस्वल आले तर आरडाओरडा करून अंगावर जावे, हे त्याच्या पूर्वजांचे पिढीजात काम. बिबट्या प्रथम गळाच धरतो म्हणून अशा कुत्र्यांच्या मानेत लोखंडी काटे बसविलेला पट्टा घालण्याचा दस्तुर पहाडात आजही आढळतो. हिवाळ्यात कळप खाली उतरतात, काम उरत नाही, आणि त्याच दिवसांत शहरी माणसांच्या टोळ्या डबे घेऊन वर जाऊ लागतात. तेव्हा श्वानमहाशयांनी या नव्या कळपाची रखवाली पत्करली, आणि मेहनताना म्हणून रोट्यांवर हक्क सांगितला, तर त्यात त्यांचा काही कसूर नाही.

देवदार आणि खर्सूच्या रानातून चढत गेल्यावर सुमारे ९,००० फुटांवर जुडा का तालाब लागतो. भर हिवाळ्यात हे तळे गोठते, आणि कुत्रे त्यावरून इतक्या निर्धास्तपणे पलीकडे जाते की पाहणाऱ्याला आपणही जावे असा मोह होतो. येथे सावध राहावयास हवे. कुत्र्याचे वजन फार तर तीस-चाळीस किलो, तेही चार पायांवर विभागलेले. पाठीवर सामान घेतलेल्या माणसाचा सारा भार पाऊल उचलताना एकाच तळव्यावर येतो. कुत्रे पार झाले हा बर्फाच्या मजबुतीचा दाखला नव्हे. चढावरच्या बर्फाचेही असेच असते. रात्रीच्या थंडीने त्याच्या पृष्ठावर कडक पापुद्रा धरतो, उन्हे वर आली की तो मऊ होतो, आणि जेथे पहाटे बूट वाजत होता तेथे दुपारी गुडघाभर पाय रुतू लागतो. शिखरावर जाण्यासाठी मध्यरात्रीनंतर दोन-तीन वाजताच निघण्याची तजवीज केली जाते, तिचे एक मोठे कारण हेच. कुत्रे मात्र दुपारीही वरच्या वर चालत असते, आणि अधूनमधून थांबून, मागे फसलेल्या माणसांकडे मान वळवून पाहते. त्या दृष्टीत तुच्छता असते असे आमच्या मनात येते. बहुधा ती आमच्या डब्याकडे असते.

उणे दहा अंशांपर्यंत पारा उतरला असता अनवाणी पायांनी हा प्राणी बर्फात तासन् तास उभा कसा राहतो, हे कोडे २०११ साली निनोमिया या जपानी संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी बरेचसे उलगडले. कुत्र्याच्या तळव्यात रक्त नेणाऱ्या धमन्या आणि रक्त परत आणणाऱ्या शिरा एकमेकींना अगदी बिलगून असतात. त्यामुळे खाली जाणाऱ्या उष्ण रक्तातील ऊब परतणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच मिळते, थंडी धडापर्यंत पोचत नाही, आणि तळव्याची त्वचा मात्र गोठण्याइतकी निवत नाही. जुन्या वाड्यातील बंबात थंड पाणी निखाऱ्यांच्या नळीभोवती फिरून तापते, तशीच ही व्यवस्था म्हणावी. केसांचेही दोन थर असतात: आतला मऊ लोकरीचा, ऊब धरून ठेवणारा, आणि बाहेरचा राठ, बर्फ झटकून टाकणारा. रात्री तंबूबाहेर वेटोळे करून, नाक शेपटीखाली खुपसून ते झोपते, आणि सकाळी त्याच्या पाठीवर साचलेले बर्फ वितळलेले नसते. अंगाची ऊब बाहेर पडत नाही याची ती उघड खूण.

तरीही हे कवच अभेद्य नाही. चालता चालता ते एकाएकी खाली बसते, पुढचा पाय तोंडाशी घेते आणि बोटांच्या बेचक्यात काहीतरी कुरतडू लागते. जवळ जाऊन पाहावे तर बोटांमधील केसांत बर्फ अडकून त्याचे वाटाण्याएवढे कठीण गोळे झालेले दिसतात. चालताना ते खड्यांसारखे रुततात. दातांनी एकेक गोळा सोडविल्यावरच ते उठते, आणि तोवर कोणी कितीही पुकारा केला तरी हलत नाही. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सरहद्दीवर, २,४६९ मीटर उंचीच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतील मठात वाटसरूंच्या रक्षणासाठी जी प्रसिद्ध कुत्री पाळली जात, त्यांच्या बाबतीत हीच गोष्ट अनर्थास कारण झाली होती. एकोणिसाव्या शतकात त्यांचा वंश क्षीण झाला म्हणून लांब केसांच्या न्यूफाउंडलंड कुत्र्यांशी संकर करण्यात आला. परंतु लांब केसांना बर्फ चिकटून त्यांची ओझी होऊ लागली, आणि ती कुत्री बर्फातील कामाला निरुपयोगी ठरली. चित्रांत त्यांच्या गळ्यात दिसणारे मद्याचे पिंप तर चित्रकार लँडसीर याच्या १८२० सालच्या चित्रातून लोकांच्या डोक्यात बसले.

कुत्र्याचे खरे सामर्थ्य नाकात आहे. बर्फ वरून घट्ट दिसले तरी त्याच्या कणांत हवा असते, आणि गाडल्या गेलेल्या माणसाचा गंध त्या फटींतून वर झिरपत राहतो. हिमस्खलनात सापडलेल्याला पहिल्या पंधरा मिनिटांत काढले तर तो बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर ती आशा झपाट्याने मावळते. म्हणून वास घेत धावणाऱ्या कुत्र्याचे मोल मोठे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवरील सुमारे १९,६०० फूट उंचीच्या सोनम ठाण्यावर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत आमच्या साताऱ्याच्या माण तालुक्यातीलही एक होता. सैन्याच्या शोधपथकात डॉट आणि मिशा ही दोन कुत्री होती, आणि सर्व हिशेब खोटे ठरवीत लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड हे सुमारे पंचवीस फूट बर्फाखालून सहाव्या दिवशी जिवंत बाहेर निघाले. ११ फेब्रुवारीस दिल्लीत त्यांचे निधन झाले. हे शिकविलेल्या कुत्र्यांचे काम. सांक्रीच्या कुत्र्यावर तसला भरवसा टाकणे वेडेपणाचे ठरेल. त्याचे नाक आपल्या पोटाच्या सेवेत असते.

शिखरावर दगडांची रास, त्रिशूळ, आणि पूर्वेकडे स्वर्गारोहिणी, बंदरपूछ व काळानाग ही हिमशिखरे. स्वर्गारोहिणी पाहताच आमच्या मंडळींपैकी कोणी ना कोणी युधिष्ठिराची आणि त्याच्या कुत्र्याची कथा काढतोच, आणि शेजारी बसलेल्या कुत्र्याला बिस्किटाचा प्रसाद मिळतो. कथा सांगावी, परंतु पांडवांनी त्या कुत्र्याला नेले नव्हते, ते आपण होऊन मागे निघाले होते, एवढे ध्यानात ठेवावे. हा सारा मुलूख १९५५ साली स्थापन झालेल्या गोविंद अभयारण्याचा. तेथे हिमबिबट्या आहे, कस्तुरीमृग आहे. आणि पर्यटकांच्या उष्ट्यावर वाढलेली मोकाट कुत्री वन्य जनावरांच्या मागे लागतात, हा स्पिती-लडाखात आलेला कटू अनुभव आहे. शिवाय बिस्किटांच्या लोभाने एखादे कुत्रे बालीपास ओलांडून यमुनोत्रीच्या बाजूस उतरले, तर तेथील कुत्री त्याला थारा देत नाहीत, आणि परतीची वाट बर्फाने बंद झालेली असते.

म्हणून शहरातले पाळीव कुत्रे हौसेने तेथे नेऊ नये, आणि गावच्या कुत्र्याला शिखरावर खाऊ घालू नये. सोबत केल्याबद्दल काही द्यावयाचेच असेल तर सांक्रीत परतल्यावर भाकरी द्यावी. आणि दुसऱ्या खोऱ्यात उतरण्याचा बेत असेल तर निघण्यापूर्वीच वाटाड्याला सांगून त्याला गावात धरून ठेवण्याचा बंदोबस्त करावा.