सील पुन्हा पुन्हा का जातं?

धाराशिव जिल्ह्यातून दोन मोठे महामार्ग जातात. पुणे-हैदराबाद ६५ क्रमांकाचा नळदुर्ग, उमरग्यावरून. सोलापूर-धुळे ५२ क्रमांकाचा तुळजापूर, येरमाळ्यावरून. या रस्त्यांकडेच्या गॅरेजांत मिस्त्रीचा कस लावणारं एक काम म्हणजे क्रँकच्या मागच्या ऑइल सीलची गळती. नवं सील बसवावं, गाडी मार्गाला लागावी आणि थोड्याच दिवसांत फ्लायव्हील हाउसिंगखालून पुन्हा तेल ठिबकावं! त्यातलं थोडं क्लच प्लेटवर गेलं, की भरलेला ट्रक तुळजापूरच्या घाटात चढेनासा होतो.

सील म्हणजे रबराची कडी. तिची पातळ ओठासारखी कड आतल्या स्प्रिंगमुळे क्रँकवर हलकेच टेकलेली असते. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर तासाभरात त्या कडेखालून क्रँक ९०,००० वेळा फिरतो. धुळीचा एक कणही कडेखाली अडकला तर पोलादावर चर पाडतो.

पण हाउसिंगखाली ठिबकणारं तेल दरवेळी याच सीलमधून आलेलं नसतं. जाणता मिस्त्री म्हणूनच आधी तेल ओळखतो. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो. तसा वास आला तर दोष गिअरबॉक्सच्या सीलचा. इंजिनचंच तेल असेल, तर वरच्या टॅपेट कव्हरमधून ते ओघळत येतंय का, हे इंजिन धुऊन पाहायचं. मग इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढायचं. तिथून धुराचा जोरदार फवारा आला, तर एक तर पिस्टन रिंगा झिजल्यात किंवा ब्रीदर तुंबलाय. कुकरची शिटी चोंदली की वाफ गॅस्केटमधून वाट काढते. इथे तेल सीलमधून काढतं.

गिअरबॉक्स उतरवल्यावर मिस्त्री क्रँकवर आडवं नख फिरवतो. नख अडकलं, तर तिथे चर आहे. अशा वेळी पातळ स्लीव्ह चढवावी लागते किंवा नव्या सीलची कड चराला चुकवून, अगदी थोडी मागेपुढे बसवावी लागते. मेन बेअरिंग झिजून क्रँक हलत असेल, तर डायल गेज ते दाखवतो. तिथे कोणतंच सील टिकत नाही. बसवण्याचीही रीत आहे: साध्या रबरी सीलच्या कडेला तेल लावायचं, पण कमिन्सच्या बी मालिकेतलं टेफ्लॉनचं सील कोरडंच बसवायचं. तिथे तेलाचं बोट लागलं तरी गळती ठरलेली.

सील स्वस्त असतं, महाग पडते ती गिअरबॉक्सची उतरवाउतरव. म्हणून ट्रकमालकांनी मिस्त्रीला घाई करू नये. तपासणीत गेलेला अर्धा दिवस, पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च वाचवतो.