तीस पौंडांच्या रेकॉर्डमध्ये दुकानदाराचे किती?

दर वर्षी एप्रिलमधल्या एका शनिवारी लंडन, मँचेस्टर, शिकागो, पोर्टलंड अशा शहरांतल्या रेकॉर्डच्या दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागतात. हा ‘रेकॉर्ड स्टोअर डे’. अमेरिकेतल्या स्वतंत्र दुकानदारांनी २००७ मध्ये ही कल्पना काढली आणि १९ एप्रिल २००८ रोजी हा दिवस पहिल्यांदा साजरा झाला. स्वतंत्र म्हणजे कुठल्याही साखळीत नसलेली, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशी दुकाने. फक्त त्यांच्याकडेच मिळतील अशा मर्यादित आवृत्तीच्या रेकॉर्ड्स त्या दिवशी बाजारात येतात. सकाळी तीस पौंडांना गेलेली एखादी रेकॉर्ड दुपारी इंटरनेटवर ऐंशी-नव्वद पौंडांना विकायला लागलेली दिसते. रांगेत उभे राहूनही ज्यांना ती मिळाली नाही ती मंडळी चरफडतात, आणि शिव्या खातो तो दुकानदार. वरच्या साठ पौंडांतली एक पेनीही त्याच्याकडे आलेली नसते.

आपल्याकडेही आता ही चर्चा कानावर येते. पुण्या-मुंबईतले हौशी लोक लंडन किंवा न्यू जर्सीतल्या भाच्या-पुतण्यांकरवी रेकॉर्ड्स मागवतात, किमतीचे रुपये करून पाहतात आणि डोक्याला हात लावतात. अमेरिकेत २०२२ मध्ये १९८७ नंतर प्रथमच सीडींपेक्षा जास्त एलपी विकल्या गेल्या, त्यामुळे ही हौस आता मूठभर म्हाताऱ्यांपुरती राहिलेली नाही. हौस वाढली तसे किमतींबद्दलचे समजही वाढले. त्यातले बरेचसे चुकीचे आहेत.

“छापील किंमत असेलच की!”

हा खास आपला भारतीय समज. आपल्याकडे वेष्टनातल्या वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते आणि तिच्यापेक्षा जास्त पैसे घेणे हा गुन्हा आहे. त्यामुळे एकच रेकॉर्ड लंडनच्या एका दुकानात २८ पौंडांना आणि दुसऱ्यात ३२ पौंडांना दिसली, की दुसरा लुबाडतो असे आपण धरून चालतो. ब्रिटनमध्ये छापील कमाल किमतीची पद्धतच नाही. उलट, पुरवठादाराने दुकानदारावर ठरावीक विक्री-किंमत लादणे तिथल्या स्पर्धा कायद्यात बसत नाही. अमेरिकेतही लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, फार तर ‘सुचवलेली’ किंमत कळवते. आकडा दुकानदार ठरवतो, आणि तो ठरवताना आपल्या गल्लीचे भाडे डोळ्यांपुढे ठेवतो.

पौंड आणि डॉलर शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांची आणखी एक गफलत होते. ब्रिटनमधल्या चिठ्ठीवरच्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो. अमेरिकेतल्या चिठ्ठीवरची किंमत विक्रीकराशिवाय असते. कर गल्ल्यावर लागतो, तोही राज्याप्रमाणे वेगळा. ओरेगनसारख्या राज्यात तो मुळी नाहीच. ब्रिटनमध्ये छापील पुस्तकावरचा व्हॅट शून्य आणि संगीताच्या रेकॉर्डवर मात्र पूर्ण २० टक्के, हा पक्षपात तिथल्या दुकानदारांना सलला तर नवल नाही.

“निम्मे तरी खिशात जात असतील”

आता तीस पौंडांचा हिशेब मांडून पाहू. त्यातले पाच पौंड व्हॅटचे, ते सरकारचे. उरले पंचवीस. समजा, ही रेकॉर्ड दुकानाला घाऊक भावाने अठरा पौंडांना पडली. म्हणजे एका नगामागे सात पौंड. याच सातांतून जागेचे भाडे, शनिवारी मदतीला घेतलेल्या मुलाचा पगार, वीज, कार्डाने पैसे घेतल्यावर कापले जाणारे कमिशन आणि कागदी पिशवी हे सगळे निघायचे.

अजून खरी मेख पुढेच आहे. रेकॉर्ड स्टोअर डेचा माल साधारणपणे परत न घेण्याच्या बोलीवर येतो. आपल्याकडे दिवाळी अंक विकणाऱ्याला न खपलेल्या प्रती बऱ्याचदा परत करता येतात. इथे ती सोय नाही. दुकानदाराने त्याच रेकॉर्डचे दहा नग मागवले तर त्याचे १८० पौंड अडकले. दहांपैकी सात विकले, तीन पडून राहिले. कुणीही म्हणेल, चांगला खप झाला. पण सात नगांचे त्याच्या हाती आले १७५ पौंड. म्हणजे सत्तर टक्के माल विकूनही पाच पौंड खिशातून गेले, भाडे आणि पगार वेगळेच. अशा एका रेकॉर्डच्या जागी शंभर वेगवेगळी नावे धरा. त्यांतली कुठली उडणार आणि कुठली धूळ खाणार हे काही आठवडे आधी, ऑर्डर देतानाच ओळखायचे असते. हा धंदा अंदाजाचा आहे, आणि चुकीच्या अंदाजाचा दंड एकटा दुकानदार भरतो.

म्हणून हातोहात खपणाऱ्या रेकॉर्डवर कुणी दोन पौंड जास्त लावले तर मला त्यात लूट दिसत नाही; पडून राहणाऱ्या तिघींचा भार तो तिच्यावर टाकत असतो. मात्र हीच रेकॉर्ड गल्ल्याखाली ठेवून त्याने आठवड्याने दुप्पट भावाने काढली, तर त्याची बाजू मी घेणार नाही. या दिवसात सहभागी होणारी दुकाने तसे न करण्याचे लेखी मान्य करतात: एका गिऱ्हाइकाला एका रेकॉर्डचा एकच नग, आधी राखून ठेवायचे नाही, ठरलेल्या मुदतीआधी ऑनलाइन विकायचे नाही, अवाच्या सवा भाव लावायचा नाही. नियम मोडणाऱ्याला पुढच्या वर्षी माल नाकारला जाऊ शकतो.

“प्लास्टिकच तर आहे”

पीव्हीसीचा शे-दीडशे ग्रॅमचा गोळा स्वस्तच असतो. पण तिथपर्यंत पोचण्याआधीची कामे बघा. लॅकरचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तबकडीवर कटिंग लेथने गाण्याची खाच कोरतात. तिच्यावर चांदीचा पातळ फवारा, त्यावर निकेलचा मुलामा. मुलामा सोलून काढला की खाचेच्या जागी उंचवटा असलेली धातूची उलटी प्रत मिळते. तिच्यापासून ‘मदर’ आणि मदरपासून ‘स्टँपर’. दोन बाजूंचे दोन स्टँपर प्रेसमध्ये बसवून मधे तापलेला गोळा ठेवला की वाफ आणि दाब मिळून अर्ध्या-एक मिनिटात रेकॉर्ड बाहेर पडते. आधी चाचणीचे काही नग दाबून ऐकायचे, खरखर असेल तर पुन्हा मागे जायचे. यातला दाबण्याचा खर्च नगागणिक. बाकीचा बहुतेक सगळा खर्च तीनशे नग काढा की तीन हजार, जवळपास तेवढाच.

समजा तो १,५०० पौंड आला. तीन हजारांच्या आवृत्तीत प्रत्येक रेकॉर्डवर त्याचे पन्नास पेन्स बसतात, तीनशेच्या आवृत्तीत पाच पौंड. हे साडेचार पौंडांचे अंतर लेबलच्या हावरटपणातून आलेले नाही, आवृत्ती लहान असल्यामुळे आले आहे. छोट्या बँडची तीनशे नगांची एलपी एखाद्या नामांकित गायकाच्या एलपीपेक्षा महाग का, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

रंगीत रेकॉर्डचेही तसेच. नेहमीचा काळा रंग मिश्रणातल्या कार्बनमुळे येतो. एकरंगी लाल किंवा निळ्या रेकॉर्डला थोडाच जास्त खर्च येतो, पण शिंतोडे उडाल्यासारख्या नक्षीसाठी कामगार प्रत्येक गोळ्यावर रंगीत दाणे हाताने पसरतो, त्यामुळे तासाला निघणारे नग घटतात. तिथे जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे. ते मोजून आवाज सुधारेल, ही मात्र आशा नको. चित्र छापलेल्या ‘पिक्चर डिस्क’मध्ये कागदावर पारदर्शक पातळ थर असतो आणि त्यात खरखर बहुधा जास्तच येते. १८० ग्रॅम वजनाचेही कौतुक असेच फुगवलेले आहे. जड रेकॉर्ड हाताला भारदस्त लागते, एवढेच. आवाज ठरतो मास्टरिंगवर, कटिंगवर आणि दाबण्याच्या सफाईवर.

ही साखळी किती नाजूक आहे हे ६ फेब्रुवारी २०२० रोजी दिसले. कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावी असलेला अपोलो मास्टर्स हा कारखाना जळून खाक झाला. लॅकरच्या तबकड्या बनवणारे कारखाने तेव्हा जगात दोनच होते. दुसरा जपानमधला एमडीसी.

“नग कमी, म्हणजे भाव चढणारच”

सगळ्यात महागात पडणारा समज हा. लोक ‘फक्त ५०० नग’ वाचतात आणि गुंतवणूक म्हणून उचलतात. पाचशे नग असलेल्या रेकॉर्डसाठी जगात तीनशेच गिऱ्हाइके असतील तर ती टंचाई नव्हेच. दोनशे नग कुठल्या ना कुठल्या दुकानात पडून राहणार. याच्या उलट उदाहरण टेलर स्विफ्टचे. २०२३ च्या रेकॉर्ड स्टोअर डेला तिच्या ‘फोकलोर : द लाँग पाँड स्टुडिओ सेशन्स’चे एकट्या अमेरिकेसाठी ७५,००० नग काढले होते. पाऊण लाखाला ‘मर्यादित’ म्हणायला जीभ अडखळते. पण चाहत्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी, म्हणून रेकॉर्ड्स पाहता पाहता संपल्या आणि पुनर्विक्रीत भाव मूळ किमतीच्या वर गेला. नगांची संख्या एकटी काही सांगत नाही. मागणारे किती, हे तिच्या शेजारी मांडावे लागते.

‘मर्यादित’ या शिक्क्याखालीही प्रकार आहेत. अमेरिकेतल्या यादीत काही रेकॉर्ड्स खरोखरच त्या दिवसापुरत्या असतात, तर काहींवर ‘आरएसडी (रेकॉर्ड स्टोअर डे) फर्स्ट’ असा शेरा असतो. त्याचा अर्थ एवढाच, की ही रेकॉर्ड आधी छोट्या दुकानांत येते आहे, पुढे कधीतरी सगळीकडे मिळू शकते. तो शेरा न वाचता एप्रिलमध्ये तिप्पट भाव मोजणाऱ्याला दिवाळीत तीच रेकॉर्ड काळ्या रंगात साध्या भावाने दिसली, तर दोष कुणाचा?

आणि इंटरनेटवरचा तो नव्वद पौंडांचा आकडा. तो विक्रेत्याने मागितलेला भाव असतो, कुणी मोजलेला नव्हे. डिस्कॉग्स या संकेतस्थळावर रेकॉर्डच्या पानावरच आजवरच्या प्रत्यक्ष विक्रीतला सर्वांत कमी, मधला आणि सर्वांत जास्त भाव दिलेला असतो. मधला आकडा पाहावा. पहिल्या चार दिवसांत तर तोही फसवा, कारण तेव्हा फक्त उतावळे विकत घेतात. आपल्या चोर बाजारातही हाच न्याय लागू आहे: ‘दुर्मीळ आहे साहेब’ म्हणत पुढे केलेली जुन्या हिंदी सिनेमाची एचएमव्हीची एलपी बरेचदा हजारोंनी खपलेली असते.

“मालकाने आतल्या आत लांबवली”

क्वचित तसे होत असेल. पण बहुतेक वेळा कारण साधे असते: त्याला ती मिळालीच नाही. दुकान मागते दहा नग; वाटणीत येतात दोन, किंवा एकही नाही. कमी पडणारा माल वाटून दिला जातो आणि वाटणीची यादी पोचेपर्यंत दुकानदारालाही नक्की आकडा माहीत नसतो.

“चढ्या भावातून कलाकाराला तरी मिळत असेल”

नाही. पहिल्या विक्रीनंतर रेकॉर्ड घेणाऱ्याच्या मालकीची होते. ती पुन्हा विकणे कायदेशीर आहे आणि त्या विक्रीतून गायक, वादक, लेबल यांपैकी कुणालाही काही मिळत नाही. ब्रिटनमध्ये चित्रकाराला आपल्या चित्राच्या काही फेरविक्रींवर हक्काचा वाटा मिळतो, पण हा कायदा रेकॉर्ड्सना लागू नाही. तेव्हा नव्वदातले साठ पौंड जातात ते थेट रांगेत पहिल्या उभ्या राहिलेल्या माणसाला आणि थोडेफार संकेतस्थळाच्या कमिशनला.

छोट्या लेबलांची खरी तक्रार वेगळीच आहे आणि ती मला पटते. मोठ्या कंपन्या जुन्याच लोकप्रिय एलपी नव्या रंगात काढून कारखान्यांची रांग अडवतात, आणि ज्यांच्या जोरावर ही दुकाने वर्षभर चालतात त्या छोट्या बँडना प्रेसवर महिनोन्महिने नंबर लागत नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या सॉनिक कॅथेड्रल आणि हाउलिंग आउल या दोन लेबलांनी याचा निषेध म्हणून एका सिंगलचे ३६५ नग काढले आणि रोज एकच, असे वर्षभर विकायला ठेवले. दुकानाला एका शनिवारची नव्हे, वर्षभराच्या गिऱ्हाइकाची गरज आहे, हे त्यांना दाखवायचे होते.

तेव्हा एप्रिलमध्ये हवी ती रेकॉर्ड हुकली तर पहिल्या आठवड्यात इंटरनेटवरून घेऊ नका. आधी तिच्यावरचा शेरा वाचा, मग झालेल्या विक्रीचे भाव पाहा, आणि त्या गावातल्या दोन-चार दुकानांना सरळ फोन करून विचारा. परदेशातून मागवणार असाल तर टपाल, सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच हिशेब करा. आणि लंडनच्या भाच्याला जुलैमध्ये एकदा दुकानात चक्कर मारायला सांगा. एप्रिलच्या मर्यादित आवृत्त्यांतले न खपलेले नग तेव्हा उतरत्या किमतीचे स्टिकर लावून तिथेच ठेवलेले सापडतात.