बाटली, पाणी आणि विषाचा हिशेब

कला शाखेच्या अंकात मिलिग्रॅम-मिलिलिटरची भाषा पाहून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. दहावीनंतर गणिताला आपण सर्वांनीच दुरून हात जोडले. मीही जोडले होते. परंतु गेल्या रोवणीच्या दिवसांत ते गणित पुन्हा समोर येऊन उभे राहिले.

आमच्या शेजारची सहा वर्षांची मुलगी तणसाच्या ढिगाजवळ खेळत असता तिला घोणस चावली. तिला रुग्णालयात नेले. आमच्या आळीत महाविद्यालयाची पायरी चढलेली मी एकटीच, म्हणून मलाही सोबत घेतले. तेथे दहा बाटल्या मांडलेल्या पाहून तिची आजी घाबरली. "एवढ्याशा पोरीले दहा बाटल्या? मोठ्या माणसाले देतेत तेवढ्याच? बाई, तू शिकली ना, सांग ना त्यायले!" मला काहीच सांगता येईना. तापाचे औषध लहान मुलांना कमी देतात, एवढेच मला ठाऊक. मग हे जास्त तर होत नाही?

सिस्टरांनी हात चालू ठेवूनच सांगितले, "साप काही मूल पाहून विष कमी सोडत नाही!" त्या एका वाक्याचा अर्थ मी नंतर कागद-पेन्सिल घेऊन उलगडला. तो असा.

सापाचे विष म्हणजे प्रथिने आणि पेप्टाइड नावाचे प्रथिनांचेच लहान तुकडे यांचे मिश्रण. ते थोडेथोडे घोड्याला टोचतात, आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढून प्रतिविष बनवितात. मुंबईला परळ येथे १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी निघालेली व १९२५ पासून हाफकिन यांचे नाव धारण करणारी संस्था या कामासाठीही प्रसिद्ध आहे. बाटलीत बहुधा कोरडी भुकटी असते. तिच्यात १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून ती विरघळवितात.

आता हिशेब पाहू. तयार द्रावणाचा १ मिलिलिटर नाग किंवा घोणस यांचे ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यार किंवा फुरसे यांचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतो. म्हणजे घोणशीसाठी एक बाटली १० × ०.६ = ६ मिलिग्रॅमला पुरते. घोणस एका चाव्यात सरासरी सुमारे ६३ मिलिग्रॅम विष सोडते. ६३ भागिले ६ म्हणजे साडेदहा. सुरुवातीला आठ-दहा बाटल्या देतात त्या यामुळे. औषधाचा सामना विषाशी आहे, शरीराच्या वजनाशी नाही. म्हणून लहान-मोठ्यांना मात्रा एकच.

मग मुलासाठी बदलते काय? सलाइनचे पाणी. दहा बाटल्यांचे १०० मिलिलिटर द्रावण झाले. समजा, मोठ्या माणसासाठी त्यात ४०० मिलिलिटर सलाइन मिसळले, तर दर मिलिलिटरची ताकद ६० भागिले ५००, म्हणजे ०.१२ मिलिग्रॅम. मुलासाठी १०० मिलिलिटरच मिसळले, तर ६० भागिले २००, म्हणजे ०.३. पहिले पातळ, दुसरे दाट. पण दोन्हींतली एकूण ताकद ६० मिलिग्रॅमच! लहान शरीराला जास्त पाणी झेपत नाही, म्हणून पाणी कमी करतात, औषध नव्हे. पाहुणे वाढले म्हणून आपण ताकात पाणी घालतो. ताक वाढते, त्यातले दही वाढत नाही. पाणी घालून दाटपणा बदलतो, ऐवज बदलत नाही, हेच विरलीकरणाचे सारे गणित.

अर्थात हा हिशेब सरासरीचा. सहा तासांनी रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून गोठते का ते पाहतात. न गोठल्यास आणखी बाटल्या लागतात. या औषधाची क्वचित तीव्र प्रतिक्रियाही येते, म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यावयाचे. आपले काम एवढेच, की मांत्रिकाकडे वेळ न दवडता माणसाला रुग्णालयात पोचवायचे.

ती मुलगी बरी होऊन आता शाळेत जाते. तिच्या आजीला मी ताकाचे उदाहरण देऊन हे सारे समजावले. ती म्हणाली, "असं होय! मंग तवाच कावून नाही सांगितलं?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. पुढच्या रोवणीत कुणी विचारले तर ते असावे, म्हणून हा लेख.