चाकणची साथ आणि मानधनावरचे मनुष्यबळ

साथीच्या काळात आरोग्यसेवेची चर्चा खाटा, ऑक्सिजन आणि डॉक्टर यांच्याभोवती फिरत राहते. परंतु आरोग्य व सामाजिक निगा मनुष्यबळ या संकल्पनेत परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रुग्णवाहिकाचालक, सफाई कर्मचारी, अंगणवाडी सेविका आणि ‘आशा’ स्वयंसेविका हे सारेच येतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात त्यांपैकी सुमारे 70 टक्के स्त्रिया आहेत.

मार्च 2020 मध्ये करोनाची साथ पुणे जिल्ह्यात शिरली, तेव्हा पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हाताशी संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय होते. चाकण मात्र महापालिकेच्या हद्दीबाहेर, खेड तालुक्यात येते. तेथील नगरपरिषद 2015 मध्ये स्थापन झालेली, ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचे, तर आसपासच्या गावांतील उपकेंद्रे जिल्हा परिषदेची, अशी जबाबदारीची विभागणी होती. त्यात मूळ अडचण पदांच्या हिशेबाची होती. ग्रामीण भागासाठी साधारण 1,000 लोकांमागे एक आशा, 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र आणि 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष असतो, आणि चाकणची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 41,000 होती. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांमुळे मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेले आणि एकेका खोलीत दाटीने राहणारे कामगार या हिशेबात पुरते कधी उतरलेच नाहीत.

केंद्राने एप्रिल 2020 मध्ये उपचारांची तीन स्तरांत रचना केली: सौम्य रुग्णांसाठी कोविड केअर सेंटर, मध्यम आजारासाठी समर्पित आरोग्य केंद्र आणि गंभीर रुग्णांसाठी समर्पित रुग्णालय. पहिल्या स्तरावरची केंद्रे ठिकठिकाणी मुख्यतः कंत्राटी नेमणुकांवर चालली. आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधर डॉक्टर आणि नवख्या परिचारिका काही महिन्यांच्या करारावर घेतल्या गेल्या आणि लाट ओसरताच त्यांची गरज संपल्याचे मानले गेले. साथीत मिळवलेला अनुभव अशा रीतीने यंत्रणेबाहेर जाऊ देणे हे मोठे नुकसान होते.

आशांची स्थिती अधिक विसंगत होती. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून उभी राहिलेली ही योजना त्यांना कर्मचारी न मानता स्वयंसेविका मानते, त्यामुळे त्यांना वेतनाऐवजी कामागणिक मोबदला आणि ठरावीक मानधन मिळते. तरीही घरोघरी तापमान व प्राणवायूची पातळी तपासणे, बाधितांच्या संपर्कातील लोक शोधणे, विलगीकरणातील कुटुंबांवर लक्ष ठेवणे ही कामे मुख्यतः त्यांच्यावरच सोपवली गेली, आणि सप्टेंबर 2020 मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेचा भारही त्यांनी उचलला. केंद्राचे 50 लाखांचे विमा संरक्षण त्यांना लागू होते खरे, पण ते मृत्यूसाठी होते. आजारपणात बुडालेल्या मोबदल्याची भरपाई त्यातून होत नव्हती. जून 2021 मध्ये राज्यभरातील आशांनी काम थांबवले, तेव्हा कुठे दरमहा 1,000 रुपयांची वाढ आणि 500 रुपयांचा कोविड भत्ता मान्य झाला.

2021 ची जनगणना याच साथीमुळे लांबणीवर पडली, आणि चाकणसारख्या झपाट्याने वाढलेल्या गावात किती आशा व किती परिचारिका लागतात हे ठरवण्यासाठी अधिकृत आधार 2011 चाच उरला.