दोन मिनिटांचें उड्डाण

विमानप्रवास म्हटला म्हणजे दूरदूरचे देश आणि तासन् तास चालणारें उड्डाण हेंच चित्र आपल्यापुढें उभें राहतें. परंतु स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या ऑर्कनी द्वीपसमूहांत एक उड्डाण असें आहे, कीं प्रवाशानें पट्टा आवळून खिडकीबाहेर पाहावें, तोंच विमान उतरूं लागतें! वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या दोन बेटांवरील विमानतळांमधलें अंतर अवघें २.७ किलोमीटर, म्हणजे पावणेदोन मैलांच्याहि आंत. मुंबईच्या विमानतळाची मुख्य धांवपट्टीदेखील याहून लांब आहे.

वेळापत्रकांत या प्रवासास दोन मिनिटें दिलेलीं असतात. वारा अनुकूल असला तर दीड मिनिटहि पुरतें. ५३ सेकंदांत पैलतीर गाठल्याचा विक्रम नमूद आहे. नियमित चालणारें याहून आंखूड उड्डाण जगांत नाहीं. हें लहानसें विमान एरवीं ताशीं सुमारें २४० किलोमीटर जातें. त्या हिशेबानें हें अंतर चाळीस सेकंदांत संपावयास हवें; परंतु चढण्याउतरण्यांतच वेळ जातो, पूर्ण वेग घेण्यास अवसरच मिळत नाहीं. कोणत्याहि विमानप्रवासाचा वेळ केवळ अंतरास वेगानें भागून निघत नाहीं, तो याचमुळें.

मग एवढ्याशा अंतरास विमान कशाला, असें आपल्याकडील व्यवहारी गृहस्थ विचारतील. त्याचें उत्तर असें, कीं हें उड्डाण म्हणजे एका मोठ्या फेरीचा केवळ दुवा होय. ऑर्कनीचें मुख्य शहर किर्कवॉल. तेथून निघालेलें आठ प्रवाशांचें विमान एका बेटावर उतरतें, दुसऱ्यास स्पर्श करितें आणि परत फिरतें. लोगनएअर कंपनीनें १९६७ मध्यें ही सोय सुरू केली. किर्कवॉलहून वेस्ट्रेस बोटीनें जाण्यास सुमारें दीड तास लागतो. विमानास पाव तास पुरतो. मोठें इस्पितळ किर्कवॉलला, वरच्या वर्गांचें शिक्षणहि तेथेंच. तेव्हां लौकिक दोन मिनिटांचा झाला असला, तरी बेटकऱ्यांस खरा आधार आहे तो या पाव तासाचा.

पापा वेस्ट्रेची वस्ती २०११ च्या शिरगणतींत अवघी ९० होती. एवढ्या प्रवाशांच्या भाड्यांतून विमानाचा खर्च कसा भागणार? म्हणून ऑर्कनीच्या स्थानिक कौन्सिलकडून या सेवेस अर्थसाह्य मिळतें. नव्वद माणसांसाठीं हा खर्च कोणास उधळपट्टी वाटेल. परंतु डॉक्टर व शिक्षक वेळेवर येईनासे झाले, कीं आधीं लेंकुरवाळीं कुटुंबें गांव सोडतात आणि मागें वृद्ध व कुलुपें उरतात, हें आमच्या कोंकणांतील घरांस निराळें सांगावयास नको. याच पापा वेस्ट्रेवर ‘नॅप ऑफ हॉवर’ नांवाचें पांच हजार वर्षांहूनहि जुनें दगडी घर आजहि उभें आहे. इतकीं वर्षें जेथें माणूस राहिला, तेथें यापुढेंहि त्याची चूल पेटती राहावी, एवढ्यासाठींच हें चिमुकलें विमान वाऱ्यापावसांतून येरझारा घालीत असतें.